प्रार्थना ज्याची त्याची, दळी सगळ्यांची



ज्याला वाचता येतं त्यानं हा लेख वाडीत बसून मोठ्यानं वाचावा. ऐकायला प्रार्थनेवाल्यांना बोलवा, बैठकीवाल्यांना बोलवा, भगतालाही बोलवा. यात सगळ्यांनाच थोडं थोडं लागेल, आम्हाला स्वतःलाही.

आधी झालं काय ते सांगतो. रेवदंड्याच्या मागच्या डोंगरात आमची एक वाडी आहे. वनहक्काच्या दाव्यांना मंजुरी द्यायला तिथं ग्रामसभा लावली होती. दिवस रविवारचा. आपल्याच एका कार्यकर्त्यानं रीतीप्रमाणे गावदेवाच्या नावानं नारळ फोडला. प्रार्थनेला जाणारी सात घरं आधीच उशिरा आली होती, ती नारळ बघून उठली. "आम्हाला मूर्तीच्या कामात बसायला मनाई आहे," म्हणाली. पाठीमागून एकानं आवाज टाकला, "जाऊ द्या! येशूवाल्यांची नावंच काढा यादीतून!" ते ऐकून त्यांची सोयरी असलेली आणखी चार घरं उठली. माणसं मोजली, भरली नाहीत. ग्रामसेवकानं वही मिटली आणि तो एस्टी पकडायला गेला. फॉरेस्टचा गार्ड आंब्याखाली बसला होता. त्याला त्या दिवशी काही करावंच लागलं नाही. त्याचं काम आपणच करून दिलं.

२००८ च्या नियमात ग्रामसभेला दोन-तृतीयांश माणूस हजर पाहिजे असं लिहिलं होतं, २०१२ च्या दुरुस्तीनंतर निदान निम्मा माणूस हजर पाहिजे, म्हणजे दोघांत एक. गावठाणातला शेतकरी आपल्या दाव्यासाठी स्वतःचं काम सोडून दिवसभर कशाला बसेल? म्हणून वाडीचं तर एकूणएक माणूस लागतं. त्यात दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली घरं वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर जातात, ती पाऊस लागेपर्यंत परत येत नाहीत. आता दिवाळीला किती दिवस उरलेत ते ज्याचं त्यानं बोटावर मोजावं.

ग्रामसभा मोडली ती आपण. ते पाप कुठल्या देवाच्या नावावर ढकलू नका.

पास्टर काय सांगतो

नुसतं चिडून भागणार नाही, म्हणून आम्ही चौघं तीन रविवार प्रार्थनेला जाऊन बसलो. पास्टर वाईट माणूस नाही. पावसात चिखल तुडवत येतो. आजारी पोराच्या डोक्यावर हात ठेवतो, पोराचं नाव लक्षात ठेवतो. सरकारी डॉक्टर आपल्या वाडीवर किती वेळा चढला? मग जो चढून येतो त्याला आपण पाणी देणारच.

पण त्याचं बोलणं नीट ऐका. त्याच्याकडे प्रत्येक धर्मासाठी एकेक उत्तर तयार आहे. हिंदूला उत्तर: मूर्ती माणसाच्या हातची, तिच्यात जीव नाही. मुसलमानाला उत्तर: तुम्ही येशूला पैगंबर मानता, देवाचा पुत्र मानत नाही, तिथं चुकलात. ज्यूला उत्तर: मसीहा तुमच्याच घरात आला, तुम्ही ओळखला नाही. दासबोधाच्या बैठकीला जाणाऱ्याला उत्तर: चांगलं वागून आणि नाम घेऊन तारण होत नाही, ते विश्वासानंच होतं. खाडीपलीकडच्या कोर्लईच्या किरिस्तावांनाही तो सोडत नाही. ते तर पोर्तुगीजांच्या काळापासूनचे ख्रिस्ती! पण ते मारियेची मूर्ती ठेवतात, संतांपुढं मेणबत्ती लावतात, म्हणून तेही मूर्तिपूजकच, असं त्याचं म्हणणं.

आणि आपल्याला काय उत्तर? आपल्याशी तो वादच घालत नाही. वाघ्या म्हणजे सैतान, चेडा म्हणजे भूत, पितर म्हणजे भुतं, झालं! बाकीच्यांचा धर्म चुकीचा, आपल्याला तर धर्मच नाही, नुसती बाधा झालीय. ती उतरवायची म्हणजे काम झालं.

हेच ऐकून वाडीतल्या दोन पोरांनी दळीच्या वरच्या बांधावरचा वाघ्याचा दगड ढकलून ओहळात टाकला. त्या दगडाचं पुढं सांगतो. ती गोष्ट देवापुरती नाही.

हे उत्तर जुनंच आहे

रेवदंड्याच्या बाजारात लाकडाची मोळी, खेकडे आणि रानभाजी घेऊन आपण पिढ्यान्पिढ्या उतरतोय. जाताना पोर्तुगीजांच्या पडक्या कोटातूनच रस्ता जातो. पोर्तुगीज सोळाव्या शतकात चौल-रेवदंड्याला आले आणि १७४० साली मराठ्यांच्या हाती देऊन गेले. मागं ठेवून गेले कोर्लईचा किल्ला आणि कोर्लईची ख्रिस्ती वस्ती. ती माणसं अजून घरात पोर्तुगीज मिसळलेली आपली वेगळी बोली बोलतात.

सुवार्ता सांगणारे पाद्री त्यानंतरचे. १८१३ साली अमेरिकन मिशनचे पाद्री मुंबईत उतरले. १८२९ साली स्कॉटलंडचा जॉन विल्सन आला, त्यानं कोकणात हर्णैला राहून मराठी शिकून घेतलं. मुंबईचं विल्सन कॉलेज त्याच्याच नावाचं. हा माणूस हुशार. प्रत्येक धर्माचा अभ्यास करायचा आणि त्याला उत्तर द्यायचा. १८३१ साली मोरभट दांडेकरांशी त्याचा हिंदू धर्मावर जाहीर वाद झाला. दांडेकरांनी पुस्तक लिहिलं, त्याला विल्सननं पुस्तकानंच उत्तर दिलं. मुसलमानांच्या धर्मावरही त्यानं वाद केला. १८३९ साली दोन पारशी तरुणांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पारशी लोक कोर्टात गेले, आपली पोरं मिशनच्या शाळेतून काढून घेतली. १८४३ साली विल्सनचं पारशी धर्मावरचं पुस्तक आलं. पुढं १८५७ साली आपल्याच कुलाबा जिल्ह्यातल्या शिरवलीचे विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी पाद्र्यांशी वाद घालायला उभे राहिले. कित्येक संध्याकाळी ते वाद चालले आणि लोक गर्दी करून ऐकायचे.

आता यात आपण कुठं आहोत? आपणही आहोत. त्याच विल्सनचा वारली आणि कातकऱ्यांवरचा लेख १८४३ साली विलायतेत छापून आला. त्यानं जंगलातल्या माणसांना विचारलं होतं, तुमचा देव कोणता, त्याला काय देता, तो तुम्हाला काय देतो, मेल्यावर माणूस कुठं जातो. आपल्या आज्या-पणज्यांनी जमेल तशी उत्तरं दिली. वाघ्याबद्दलही सांगितलं.

फरक बघा. दांडेकरांकडे छापखाना होता, म्हणून त्यांचं उत्तर त्यांच्याच नावानं छापलं गेलं. पारश्यांकडे पैसा आणि पंचायत होती, म्हणून ते कोर्टात गेले. विष्णुबावांकडे शास्त्र होतं आणि ऐकायला गर्दी होती. आपल्या आज्याकडे काय होतं? प्रश्न विचारणाऱ्यानंच उत्तर लिहून घेतलं आणि इंग्रजीत छापून टाकलं. आज्याला ते वाचताही आलं नाही. "तुमच्या धर्मात देव मुलाचा बाप कसा होतो?" असा उलटा प्रश्न त्यानं पाद्र्याला केला असेल, तर तो आपल्यापर्यंत पोचलेला नाही.

आज आपल्यात बारावी झालेली पोरं-पोरी आहेत. स्टेन्सिल कापून का होईना, आपली पत्रिका निघते. तेव्हा आता उत्तर आपणच लिहायचं.

रेवदंड्याच्या शनवार तेल्यांकडून शिका

याच रेवदंड्यात ज्यू लोकांचं प्रार्थनामंदिर आहे. त्यांना बेने इस्राएल म्हणतात. त्यांची सांगण्यातली गोष्ट अशी की फार पूर्वी नवगावजवळ गलबत फुटलं, सात बाया आणि सात पुरुष तेवढे वाचले आणि त्यांच्यापासून ही माणसं झाली. त्यांचा धंदा घाण्यावर तेल काढायचा. शनिवारी काम बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. मराठी बोलायचे. आडनावं इथल्याच गावांची: नवगावकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर.

पाद्री आले तेव्हा त्यांना वाटलं, हे तर बायबलमधलेच लोक, हे लगेच येशूला मानतील. किनाऱ्यावरच्या गावांत शाळा काढल्या, बेने इस्राएल माणसांनाच मास्तर म्हणून ठेवलं. विल्सननं त्यांच्यासाठी १८३२ साली मराठीतून हिब्रू भाषेचं व्याकरण लिहिलं. बेने इस्राएल लोकांनी काय केलं? शाळेत गेले. अक्षर शिकले, हिब्रू शिकले, मराठीत छापलेला जुना करार वाचला. त्यांच्या आज्यांना जे धड आठवत नव्हतं ते त्या पुस्तकातून परत मिळवलं. आणि शनिवार सोडला नाही. फार थोडे ख्रिस्ती झाले. बाकीचे आणखी पक्के ज्यू झाले. पाद्र्यांनी दिलेल्या दिव्याच्या उजेडात त्यांनी आपलंच घर झाडून काढलं.

१९४८ नंतर त्यांच्यातले पुष्कळ लोक इस्राएलला गेले. तिथंही काही धर्मगुरूंनी त्यांना अडवलं, तुम्ही खरे ज्यू की नाही म्हणून लग्नाला आडकाठी केली. त्यांना भांडावं लागलं, तेव्हा १९६४ साली तो प्रश्न सुटला. म्हणजे खरा कोण आणि खोटा कोण हे दुसऱ्यानं ठरवायचं, हा रोग सगळ्या धर्मांत आहे.

यातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. एक, शिकायला मिळतं तिथं शिका, लाजू नका. पास्टर पोरांना शिकवत असेल तर पोरांना पाठवा. दोन, शिकलेल्या अक्षरानं आपलं स्वतःचं काय आहे ते शोधा. दुसऱ्याच्या तोंडून स्वतःला सैतान म्हणवून घेऊ नका.

पुस्तकात काय लिहिलंय

पास्टरनं आम्हाला फुकट पुस्तक दिलं. आम्ही ते वाचलं. सगळं कळलं असं म्हणत नाही. पण तीन गोष्टी अशा सापडल्या की त्या वाडीवर कधी सांगितल्या जात नाहीत.

पहिली गोष्ट प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७. पौल अथेन्स शहरात गेला. जिकडंतिकडं मूर्ती बघून त्याला वाईट वाटलं, तसं लिहिलंच आहे. पण एका वेदीवर 'अज्ञात देवाला' असं कोरलेलं त्यानं पाहिलं आणि तिथूनच आपलं बोलणं सुरू केलं. त्या लोकांच्या कवींचे शब्दसुद्धा बोलण्यात घेतले. शेवटी आपलंच सांगितलं, ते तो सांगणारच. पण वेदी ढकलून ओहळात टाकली नाही. पास्टरदादा, तुम्ही वाघ्याच्या दगडापाशी बसून एकदा तरी विचारलंत का, हा इथं कुणी ठेवला, कधी ठेवला?

दुसरी गोष्ट करिंथकरांना पहिलं पत्र, अध्याय ८ आणि १०. नैवेद्याचं खावं की न खावं यावरून तिथंही भांडण झालं होतं, आपल्यासारखंच. पौल म्हणतो, अन्नानं माणूस देवाजवळ जात नाही की लांब जात नाही. कुणी जेवायला बोलावलं तर पुढं आलेलं खा, चौकशी करू नका. मात्र कुणी मुद्दाम सांगितलं की हा नैवेद्य आहे, तर त्याच्या मनासाठी खाऊ नका. पास्टर म्हणतील, त्याच अध्यायात मूर्तीला दिलेलं भुतांना जातं असंही आहे. आहे, आम्ही तेही वाचलं. पण भावाला आपल्यापायी ठेच लागू नये, हे तो दोन्ही अध्यायांत सांगतो. मग नवं खायच्या दिवशी म्हाताऱ्या आईच्या हातची नाचणीची भाकर ताटातून परत सारणारा पोरगा कुठल्या अध्यायाप्रमाणे वागला?

तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी. ती जुन्या करारात आहे, पहिलं राजे, अध्याय २१. नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा राजा अहाबाच्या वाड्याला लागून होता. राजा म्हणाला, हा मळा मला दे, याच्यापेक्षा चांगला दुसरीकडे देतो, नाहीतर पैसे घे. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांची जमीन मी देणार नाही. राणीनं दोन खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथानं देवाची आणि राजाची निंदा केली असा आळ घातला. लोकांनी नाबोथाला दगडांनी मारलं. राजा मळा ताब्यात घ्यायला निघाला, तेव्हा एलीया संदेष्टा त्याला आडवा गेला. खून करून वर जमीनही घेतलीस ना, म्हणून त्यानं राजाला तोंडावर विचारलं.

दादांनो, ही तर आपलीच गोष्ट आहे! दुसरीकडे चांगली जमीन देतो, नाहीतर पैसे घे, हे बोलणं आपण किती प्रकल्पवाल्यांच्या तोंडून ऐकलं? आणि नाबोथाला मारलं ते जमिनीच्या नावानं मारलं नाही, धर्माच्या नावानं मारलं. जमीन घ्यायची असली की आधी धर्माचं भांडण लावून द्यायचं, ही युक्ती इतकी जुनी आहे. सुवार्ता सांगणाऱ्यांना आमची हात जोडून विनंती आहे, पुढच्या रविवारी वाडीवर नाबोथाची गोष्ट सांगा. आम्ही पहिल्या रांगेत बसू.

पास्टरच्या मागून येणारे

आता दुसऱ्या बाजूचं. पास्टर जाऊन आठ दिवस होत नाहीत तोच दुसरी मंडळी येतात. म्हणतात, तुम्ही मुळातले हिंदू, बाटलेल्यांना परत आणा, आले नाहीत तर पाणी तोडा. आम्ही विचारलं, तुम्ही मुळातले हिंदू म्हणता, मग आमच्या आज्याला देवळाच्या पायरीवर किती वेळा बसू दिलंत? शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू कातकरी' लिहिलंय म्हणतात. ते गुरुजींनी लिहिलं, आमच्या बापाला विचारून लिहिलं नाही.

त्यांच्यातले काही आणखी एक सांगतात, की धर्म बदलला की आदिवासीपण जातं, दाखला जातो, जमीन जाते. हे साफ खोटं आहे. अनुसूचित जमातींची यादी १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं झाली. अनुसूचित जातींच्या आदेशात धर्माची अट आहे, आधी हिंदू, मग १९५६ पासून शीख, १९९० पासून बौद्ध. जमातींच्या आदेशात अशी अटच नाही. बिहारचे खासदार कार्तिक उरांव यांनी १९६७ च्या सुमारास ख्रिस्ती झालेल्यांना यादीतून काढायची मागणी संसदेत लावून धरली होती. ती कायदा झाली नाही. मागणी अजून चालू आहे, म्हणून सावध राहा. पण मागणी म्हणजे कायदा नव्हे.

वनहक्काचा नमुना अ बघा. नाव, नवरा-बायकोचं नाव, आई-बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, अनुसूचित जमात होय की नाही. धर्माचा रकानाच नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन ताब्यात आहे का, एवढं विचारलंय. पट्टा निघाला तर नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतो. नवरा प्रार्थनेला जातो आणि बायको गावदेवाला जाते, तरी पट्टा एकच.

पाणी तोडा म्हणणाऱ्यांना विचारा, डांगमध्ये काय झालं? १९९८ च्या नाताळात आपल्या नाशिक जिल्ह्याला लागून असलेल्या डांगमध्ये आदिवासींची प्रार्थनाघरं जाळली, मोडली. ओरिसातल्या कंधमाळमध्ये २००८ च्या ऑगस्टमध्ये एका स्वामींचा खून झाला आणि त्यानंतर हजारो घरं जळाली, माणसं मेली, हजारो लोक छावणीत गेले. तिथं कंध आदिवासी आणि पाण लोक यांच्यात जमिनीचं आणि जमातीच्या दाखल्याचं भांडण आधीपासून होतं, त्याच्यावर धर्माचं रॉकेल ओतलं. जंगलात लपलेल्या बायका-पोरांना त्या रात्री कोणत्या देवानं घर दिलं? भांडण लावणारे आपल्या घरी गेले.

महात्मा फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. पाद्र्यांचं चांगलं ते त्यांनी चांगलं म्हटलं, पण ख्रिस्ती झाले नाहीत. 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात त्यांनी असं घर सांगितलं की ज्यात बायको एका धर्माची, नवरा दुसऱ्या, पोरगी तिसऱ्या, आणि सगळे गुण्यागोविंदानं राहतात. ते पुस्तक १८९१ साली छापलं. आम्हाला एका घराचं सोडा, एका ग्रामसभेत तीन तास बसणं जमेना!

दगड म्हणजे पुरावा

आता त्या ओहळातल्या दगडाचं. दाव्याला निदान दोन पुरावे लागतात. कोणते चालतात ते २००८ च्या नियम १३ मध्ये लिहिलंय. त्यात विहिरी आहेत, मसणवट आहे आणि पवित्र ठिकाणं आहेत, म्हणजे जुनी वस्ती दाखवणाऱ्या खुणा. दावेदार सोडून गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबही चालतो.

म्हणजे वाघ्याचा दगड हा देव आहे की सैतान आहे यावर तुम्ही जन्मभर भांडा. सरकारच्या कायद्यात तो पुरावा आहे. तीन पिढ्यांचा शेंदूर बसलेला दगड दळीच्या बांधावर उभा आहे, याचा अर्थ तीन पिढ्या कातकरी तिथं नाचणी, वरी पेरतोय. उद्या मोजणीला माणसं आली आणि विचारलं, तुमचं ठिकाण कुठाय, तर काय दाखवायचं? ओहळ?

आणि जबाब कुणाचा घ्यायचा? वाडीत सर्वांत म्हातारी जी आजी आहे, तिला आपल्या बापाबरोबर दळी भाजलेली आठवते. कुणाचा तुकडा कुठवर, कुठल्या आंब्यापासून कुठल्या ओहळापर्यंत, सगळं तोंडपाठ आहे. ती आजी आज प्रार्थनेला जाते. "येशूवाल्यांची नावं काढा" म्हणणाऱ्या भावा, तुझ्या दाव्याला त्या आजीचाच अंगठा लागणार आहे. दळीचा जुना कागद तिच्या चुलत्याच्या एकट्याच्या नावावर आहे आणि कसणारी घरं अकरा आहेत. त्या अकरात चार प्रार्थनेची, तीन बैठकीची, चार गावदेवाची. आता यातून कुणाला काढणार?

आमचं आम्ही बोलतो

लोक प्रार्थनेला का गेले, हेही खरं बोलू या. भगतानं कोंबडी मागितली, बाटली मागितली, पोर बरं झालं नाही. पास्टरनं काही मागितलं नाही. नवऱ्यानं दारू सोडली, बायकोचा मार थांबला. आम्ही ज्या बायांना विचारलं त्यांच्यातल्या बहुतेकींनी हेच कारण सांगितलं. येशू देवाचा पुत्र की कोण, हे एकीनंही सांगितलं नाही. बैठकीला जाणाऱ्या घरांतही दारू सुटली आहे. आपल्या संघटनेनं दारूवर काय केलं? दोन वेळा ठराव केला आणि मोर्च्याच्या दिवशी आपल्यातलेच दोघं झिंगून आले. बाईला घरात मिळालेला आराम आम्ही तत्त्वज्ञान सांगून परत काढून घेणार नाही.

आणि नारळ आम्हीच फोडला, रविवार आम्हीच धरला. चूक आमची आहे, तिची माफी मागतो. शनिवारी शनवार तेल्याचा घाणा बंद असतो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि गावाचं काही अडलं नाही. मग आपल्याला रविवारची सकाळ सोडून दुसरा दिवस धरायला काय अडचण?

म्हणून आम्ही ठरवलंय ते असं. वाडीवाडीवर यावर बोला, दुरुस्ती सुचवा.

१. ग्रामसभा दिवाळीआधी परत लावायची, मंगळवारी. रविवारी नाही, बैठकीच्या दिवशीही नाही.

२. ग्रामसभेत नारळ नाही, प्रार्थना नाही, श्लोक नाही. सुरुवातीला ज्यांनी ज्यांनी आपली दळी कसली त्या आज्या-आज्यांची नावं वाचायची. ते सगळ्यांचेच आहेत.

३. वाघ्याचा दगड ओहळातून काढून जागेवर बसवायचा. ज्या दोन पोरांनी टाकला त्यांनीही हात लावायचा. पाया पडायची सक्ती कुणालाच नाही, दगडाला हात लावायची बंदीही कुणालाच नाही.

४. पाणी, उधार-उसनवार, मैत, सोयरीक यात धर्मावरून कुणाला तोडायचं नाही. गावदेवाची पट्टी ज्याला द्यायची त्यानं द्यावी. जो देणार नाही त्याचं नाव कुठल्याही यादीतून निघणार नाही.

५. आजीचा जबाब या आठवड्यातच लिहून घ्यायचा. तिची तब्येत बरी नाही. तिला आवडत असेल तर जबाबाआधी तिनं आपली प्रार्थना करावी, आपण गप बसू.

६. वाडीवर जो कोणी धर्म सांगायला येईल, कुठल्याही रंगाचा, त्याला बसायला द्या, पाणी द्या आणि एकच विचारा: दळीच्या मोजणीच्या दिवशी तुम्ही आमच्याबरोबर डोंगर चढणार का? चढला तर आपला माणूस. मग त्याच्याशी देवावर रात्रभर वाद घालू, शेकोटी आपली.

गेल्या ग्रामसभेला उठून गेलेल्या अकरा घरांना आमच्यातले दोघं-दोघं जाऊन निरोप देणार आहेत. ज्यानं यादीतून नावं काढा म्हणून आवाज टाकला, तोही त्या दोघांत असणार आहे. त्यानं स्वतःच हे काम मागून घेतलंय.

मंगळवारी या. लेकरं घेऊन या, म्हाताऱ्यांना पाठकुळी घेऊन या. माणसं मोजली तर या वेळी भरली पाहिजेत.

जिंदाबाद!